वाघाच्या शिवारात पहिले वर्ष : नव्याने राहायला आणि शेती करायला येणाऱ्यांसाठी

बदलीने आलेले शिक्षक, उपकेंद्रात रुजू झालेल्या परिचारिका, लग्न होऊन आलेल्या सुना आणि ठेक्याने शेत घेणारे कास्तकार असे सगळेच आमच्या भागात पहिल्या आठवड्यात एक प्रश्न हमखास विचारतात : "इकडे वाघ आहे का?" चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली आणि चिमूर या तालुक्यांत या प्रश्नाचे उत्तर "आहे" एवढेच असते आणि त्याचा कोणाला फारसा उपयोग होत नाही. उपयोगाचा प्रश्न असा की, वाघ सध्या शिवाराच्या कोणत्या अंगाला फिरतो आहे आणि आपल्याला त्या अंगाला किती वाजता, किती जणांनी आणि कोणत्या कामासाठी जायचे आहे. मी सिंदेवाही तालुक्यातील एका गावात धानाची आणि थोडी तुरीची शेती करतो, काही वर्षे गावच्या प्राथमिक प्रतिसाद दलातही, म्हणजे वाघ गावाजवळ आला की वनविभागाला मदत करणाऱ्या गावकऱ्यांच्या गटातही, होतो. हा प्रश्न रोज नव्याने कसा सोडवायचा, तेवढेच येथे क्रमाने लिहितो.

आधी थोडी पार्श्वभूमी. महाराष्ट्रातील वाघांची अंदाजित संख्या २०१४ मध्ये १९०, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४ होती, आणि यांतील बहुतेक वाघ विदर्भात आहेत. ताडोबा हे १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९५ मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. परंतु वाघाला प्रकल्पाची हद्द ठाऊक नसते आणि ब्रह्मपुरी वनविभागात तर प्रकल्पाबाहेरच्या जंगलात, गावांना आणि बांद्यांना (धानाच्या वाफ्यांना) लागून, वाघ पिढ्यान्‌पिढ्या वाढत आले आहेत. वयात आलेला नर आईचा इलाखा सोडून निघतो तेव्हा तो किती दूर जाऊ शकतो, हे २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेल्या गळपट्टा (ठावठिकाणा कळवणारी रेडिओ कॉलर) लावलेल्या तरुण वाघाने दाखवून दिले. तो सुमारे तीन हजार किलोमीटर भटकून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला आणि त्या वाटेचा मोठा भाग कपाशी-तुरीच्या शेतांतून आणि नाल्यांच्या काठाने गेला. म्हणून "आमच्या गावाला जंगल लागून नाही" एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

पहिली पायरी : काम सुरू करण्याआधी शिवार पायी पाहा

शेत घेतले की माणूस माती पाहतो, विहिरीचे पाणी पाहतो, वीज कोठून येते ते पाहतो. आमच्याकडे त्यात आणखी एक दिवस घालावा आणि तो गावच्या गायक्याबरोबर घालावा. गायकी म्हणजे गावची गुरे राखणारा माणूस. तो रोज जंगलाच्या कडेने चालत असल्यामुळे त्याच्या डोक्यात जो नकाशा असतो तो कोणत्याही कचेरीत मिळत नाही. तो सहसा आपणहून काही सांगत नाही, आणि घाईत विचारणाऱ्याला तर "हाये न, वाघ हाये" एवढेच सांगून पुढे निघतो. त्याच्या चालीने चालावे आणि तो जिथे थांबेल तिथे थांबावे.

त्याच्याकडून नेमक्या गोष्टी समजून घ्याव्यात. नाल्याच्या कोणत्या वळणावर सिंधीची किंवा बेशरमाची दाट झुडपे आहेत, उन्हाळ्यात कोणत्या बोडीत (लहान तळ्यात) किंवा मामा (जुन्या मालगुजारी) तलावात शेवटपर्यंत पाणी राहते, पांदण रस्ता कोठे बांबूच्या रांजीला (बेटाला) चिकटून जातो आणि गेल्या दोन-तीन वर्षांत गुरे कोठे मारली गेली, हे सर्व विचारावे. वाघ उगाच काट्याकुट्यांतून जात नाही; त्यालाही पायवाट, कालव्याची पाळ, नाल्याची कोरडी रेती आणि बैलगाडीची चाकोरी सोयीची वाटते. म्हणजे आपल्याला चालायला जो रस्ता बरा वाटतो तोच बहुधा त्यालाही बरा वाटतो. ही गोष्ट एकदा ध्यानात आली की शिवाराकडे पाहण्याची नजर बदलते.

संध्याकाळी घरी येऊन वहीच्या एका पानावर कच्चा नकाशा काढावा आणि त्याच पानावर फोन क्रमांक लिहावेत : आपल्या बीटचा (वनरक्षकाकडे सोपवलेल्या वनक्षेत्राचा) वनरक्षक, क्षेत्र सहायक, गावचे प्राथमिक प्रतिसाद दल (सगळे त्याला पीआरटीच म्हणतात), पोलीस पाटील आणि वनविभागाचा निःशुल्क क्रमांक १९२६. मोबाईलमध्ये क्रमांक असतातच, पण रात्री फोनची बॅटरी संपलेली असताना भिंतीवरचे पान कामी येते.

दुसरी पायरी : खुणा वाचायला शिका

पाऊलखूण, म्हणजे पगमार्क, ओळखणे अवघड नाही. वाघ आणि बिबट चालताना नखे आत ओढून घेतात, त्यामुळे त्यांच्या पावलात नखांच्या खुणा उमटत नाहीत. कुत्र्याच्या आणि लांडग्याच्या पावलात त्या दिसतात. मागच्या गादीला तळाशी तीन लोळ्या असतात आणि पुढे चार बोटे. बिबट्याचे पाऊल माणसाच्या तळहाताच्या गाभ्यात जवळपास मावते. वाघाचे मावत नाही. नराचे पाऊल चौकोनाकडे झुकते, मादीचे किंचित लांबट असते आणि बोटे निमुळती असतात. मादीच्या पावलांशेजारी लहान पावले दिसली तर त्या बाजूचे काम त्याच दिवशी थांबवावे आणि वनरक्षकाला कळवावे, कारण पिल्ले जवळजवळ दोन वर्षे आईबरोबर राहतात आणि त्या काळात ती कोणालाही जवळ येऊ देत नाही.

पाऊल कोणाचे यापेक्षा पाऊल कधीचे हे अधिक महत्त्वाचे असते. एकदा रोवणीच्या दिवसांत सकाळी साडेसहाच्या सुमारास मी बांदीचे पाणी पाहायला गेलो होतो. धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) ओल्या मातीत एक रुंद पाऊल उमटले होते आणि त्याच्या बोटांच्या खळग्यांत बाजूच्या बांदीतले पाणी अजून पाझरत होते. टाचेचा खळगा निम्माच भरला होता. मी धुऱ्यावरून मागे फिरलो, मोकळ्या बांदीच्या मधोमध चिखलातून चालत रस्त्यावर आलो आणि तेथून फोन केला. ते पाऊल पाण्याने काठोकाठ भरलेले असते, किंवा कडांची माती ढासळून सुकलेली असती, तर मी पाणी पाहून, सावधपणे, काम उरकले असते. कोरड्या दिवसांत दवावरून अंदाज येतो : धुळीतल्या पावलावर दवाचे बारीक टिपके पडलेले असतील तर वाघ पहाटेपूर्वी गेलेला असतो, पाऊल टिपक्यांवर उमटले असेल तर तो नुकताच गेला आहे.

खुणा कानांनीही वाचाव्या लागतात. झाडावरचे वानर एका दिशेला तोंड करून खकारत राहते, चितळ तीक्ष्ण आवाजात ओरडते आणि सांबर खोल, घुमणारा "ढाँक" असा आवाज देते. पर्यटकांच्या गाड्यांमुळे आता गावातली पोरेही याला "कॉल" म्हणतात. वानर बिबट्यालाही ओरडते आणि क्वचित कुत्र्यालाही. चितळाचे ओरडणे पुष्कळदा वायाच जाते. पण सांबर सहसा उगाच आवाज देत नाही, म्हणून सांबराचा आवाज आला की काम टाकून उघड्यावर यावे. याउलट, जिथे एरवी मोरांचा आणि तित्तिरांचा गलबला असतो तिथे सकाळी सगळे चिडीचूप असेल, गुरे कान टवकारून पाय पुढे टाकायला तयार नसतील, तर बैलाला पराणी टोचू नये. बैलाला आपल्यापेक्षा आधी वास लागतो.

तिसरी पायरी : कामाची वेळ ठरवा

वाघ संध्याकाळपासून सकाळपर्यंत अधिक हिंडतो आणि ऊन चढल्यावर सावलीत, पाण्याजवळ किंवा दाट पिकात पडून राहतो. म्हणून शेतात जाणे साधारणपणे सूर्य चांगला वर आल्यानंतर आणि परतणे दिवस मावळण्यापूर्वी, हा नियम घरातील प्रत्येकाला, गड्यामाणसांसकट, लागू करावा. मजुरांनी सकाळी लवकर यावे असा आग्रह धरणारे नवे शेतमालक मी पाहिले आहेत. तो आग्रह आमच्याकडे सोडावा लागतो.

अडचण येते ती ओलिताची. कृषिपंपाची थ्री फेज वीज अनेक गावांत आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते आणि हरभऱ्याला किंवा गव्हाला पाणी द्यायला कास्तकाराला नेमक्या वाघाच्या वेळेला शेतात उभे राहावे लागते. ही तक्रार जुनी आहे आणि खरी आहे. दिवसा वीज मिळावी म्हणून ग्रामसभेचा ठराव करून वीज वितरण कचेरीत आणि वनपरिक्षेत्र कार्यालयात दोन्हीकडे द्यावा, कारण वाघाचा वावर असलेल्या गावांसाठी वनविभागाचे पत्र जोडलेले असले की मागणीला वजन येते. शक्य असल्यास सौरपंपासाठी अर्ज करावा. तोवर मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवून घ्यावा, म्हणजे मोटार घरूनच चालू-बंद करता येते आणि रात्री फक्त दांड (पाण्याचा पाट) फोडण्यासाठी जाण्याची गरज उरते. ते काम संध्याकाळीच लावून ठेवता येते. तरीही रात्री जावेच लागले तर तिघांनी मिळून, हातात मोठी बॅटरी आणि लांब काठी घेऊन, मोठ्याने बोलत जावे. मोबाईलचा उजेड पायापुरताच पडतो. त्याला बॅटरी समजू नये.

पहाटे परसाकडे जाण्याची सवय अजून काही घरांत टिकून आहे. बिबट्याच्या बाबतीत ती सवय विशेष धोक्याची आहे, कारण तो कुत्र्यांच्या आणि शेळ्यांच्या मागे गावठाणाच्या अगदी कडेपर्यंत येतो. घरच्या संडासाला पाणी आणि दिवा या दोन्हींची सोय करावी. मुलांना अंधारात एकट्याने दुकानात पाठवू नये.

चौथी पायरी : वाकून करायच्या कामांची वेगळी व्यवस्था

हा भाग मी सविस्तर लिहितो, कारण नव्याने आलेल्या माणसांना तो कोणी सांगत नाही. वाघ साधारणपणे मागून किंवा बाजूने, दबा धरून, मानेवर झेप घेतो. दोन पायांवर सरळ उभा असलेला माणूस त्याच्या रोजच्या भक्ष्यासारखा दिसत नाही. वाकलेला किंवा उकिडवा बसलेला माणूस मात्र मागून एखाद्या चार पायांच्या जनावरासारखा दिसतो. निंदण, धानाची कापणी, सरपण गोळा करणे, गवत कापणे, मोहफुले वेचणे, सात्या (रानातल्या अळंब्या) आणि वास्ते (बांबूचे कोंब) काढणे ही सगळी कामे वाकूनच होतात आणि ती बहुतांशी स्त्रियांच्या वाट्याला येतात.

म्हणून अशा कामाला कमीत कमी चार-पाच जणांनी एकत्र जावे आणि त्यांपैकी एकाने काम न करता फक्त उभे राहून पाहारा द्यावा. एक मजुरी वाया गेली असे येथे मानू नये. पाहारा देणाऱ्याने धुऱ्यावर, शक्य तर थोड्या उंच जागी उभे राहावे, त्याचे तोंड झुडपांकडे असावे आणि दर थोड्या वेळाने त्याने हाक द्यावी. काम करणाऱ्यांनी एका ओळीत न पसरता जवळजवळ राहावे. जंगलाकडच्या कडेपासून सुरुवात करून मोकळ्या बाजूला सरकावे, म्हणजे कडेचे काम सर्वांच्या अंगात ताकद आणि डोळ्यांत जाग असतानाच उरकते. दुपारच्या जेवणाला तुरीच्या किंवा कपाशीच्या सावलीत बसू नये. गाडीजवळ, मोकळ्या जागी बसावे. कापणीच्या शेवटी मधल्या एका पट्ट्यात उभे पीक उरते आणि रानडुकरे त्यात कोंडली जातात, कधी त्यांच्या मागावर आलेला वाघही. तो पट्टा कापण्यापूर्वी तिन्ही बाजूंनी डबे वाजवून चौथी, जंगलाकडची बाजू मोकळी सोडावी आणि थोडा वेळ थांबावे.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांनी उभ्या पिकाची नासाडी केली नाही असा कास्तकार आमच्या गावात नाही आणि ज्या वर्षी वाघ शिवारात टिकून असतो त्या वर्षी डुकरांचा त्रास कमी होतो, हेही लोक आपसांत बोलतात. वाघाबद्दलची आमची भावना भीती आणि आधार या दोन्हींच्या मधली आहे. ताडोबा हे नाव ज्या तारू देवावरून आले तो तारू वाघाशी झुंजताना मेलेला गावप्रमुख होता, असे तलावाकाठच्या देवस्थानाची कथा सांगते. देव झाला तो वाघाने मारलेला माणूस.

पाचवी पायरी : मोहफुले आणि तेंदूपत्ता

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले आणि एप्रिल-मेमध्ये तेंदूपत्ता या दोन हंगामांत सर्वाधिक माणसे जंगलात असतात आणि पाणी आटल्यामुळे जनावरेही ठरावीक पाणवठ्यांभोवती गोळा झालेली असतात. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या, तेव्हापासून आमच्याकडे जंगलात जाण्यापूर्वी बीटच्या वनरक्षकाला विचारण्याची पद्धत अधिक काटेकोर झाली आहे.

मोहफुले पहाटे पडतात आणि उशीर केला तर गुरे, चितळे आणि अस्वले ती खातात, हे खरे. तरीही अंधारात झाडाखाली जाऊ नये. झाडाखालचा पालापाचोळा जाळून जागा साफ करण्याची जुनी रीत वणव्यांना कारण होते. तो झाडून बाजूला करावा किंवा झाडाखाली जाळी बांधावी, म्हणजे फुले जाळीत साठतात आणि तासन्‌तास वाकून वेचावे लागत नाही. अस्वल वाघापेक्षा लवकर बिथरते; मोहाच्या झाडाखाली अस्वल असेल तर त्या दिवशीची फुले त्याची समजावीत.

सहावी पायरी : गोठा

बिबट गोठ्यात शिरतो तो बहुधा छपराच्या फटीतून किंवा कुडाच्या कमकुवत कोपऱ्यातून. शेळ्यांसाठी चारही बाजूंनी आणि वरूनही बंद असा खुराडा लागतो : खाली दोन-अडीच फूट पक्की भिंत, वर मजबूत लोखंडी जाळी, छपराखाली फट नाही आणि दाराला बाहेरून कडी. कोंबड्यांची बारीक जाळी येथे उपयोगाची नाही. बिबट ती पंजाने फाडतो. आतल्या बाजूला शेळ्यांना जाळीपासून हातभर दूर ठेवणारा बांबूचा आडोसा असावा, कारण जाळीला टेकलेल्या शेळीचा पाय बाहेरून ओढला जातो. गोठा घराला लागून असावा आणि त्याच्या दाराशी रात्रभर एक दिवा असावा.

मोठ्या गुरांसाठी गोठ्याभोवतीची झुडपे आणि वाढलेले गवत चारही बाजूंनी वीस-पंचवीस पावलांपर्यंत साफ ठेवावे. शेतातच गुरे बांधून ठेवणे शक्यतो टाळावे. मेलेले जनावर, कोंबड्यांचा कचरा आणि लग्नातले खरकटे गावाच्या कडेला टाकले की तिथे कुत्री आणि डुकरे गोळा होतात आणि त्यांच्या मागे बिबट येतो. हा सांधा पुष्कळ गावांना अजून जुळवता आलेला नाही. चराईला गुरे कळपाने, दोन गुराख्यांबरोबर जावीत. एक पुढे, एक मागे. गायीच्या गळ्यातली घंटी वाघाला घाबरवते की नाही कोण जाणे, पण झुडपात शिरलेले जनावर शोधायला आपल्याला झुडपात शिरावे लागत नाही, एवढा तिचा उपयोग निश्चित आहे.

वाघ समोर दिसला तर

पळू नये. पाठ फिरवू नये. सरळ उभे राहावे, हात किंवा काठी वर करून आपला आकार मोठा दिसेल असे करावे, शांत पण भरदार आवाजात बोलत राहावे आणि एकेक पाऊल मागे सरकत मोकळ्या बाजूला जावे. वाघाला जायला वाट राहील असे उभे राहावे. लहान मूल बरोबर असेल तर त्याला उचलून घ्यावे, पण उचलताना खाली वाकून बसू नये. पाय वाकवून, नजर समोर ठेवून उचलावे. दुचाकीवर असाल तर अंतर ठेवून थांबावे, हॉर्न वाजवून त्याला हुसकावू नये आणि तो रस्ता ओलांडून गेल्यावरही थोडे थांबावे, कारण मागे पिल्ले किंवा दुसरा वाघ असू शकतो. झाडावर चढण्याचा सल्ला बिबट्याच्या बाबतीत निरुपयोगी आहे.

अर्धवट खाल्लेले जनावर दिसले तर त्याच पावली मागे यावे. वाघ जवळच कुठेतरी पडलेला असतो.

गाय, बैल किंवा शेळी मारली गेली तर

येथे माझी स्वतःची चूक सांगतो. पहिल्या वर्षी माझा एक गोऱ्हा नाल्याकाठी वाघाने मारला. पोळ्याला त्याला पहिल्यांदा सजवायचे ठरले होते, त्यामुळे त्याला तसे उघड्यावर पडलेले पाहवेना. मी आणि शेजाऱ्याने दोरखंड लावून तो बाहेर ओढला आणि त्याच दिवशी पुरला. दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला माणसे आली तेव्हा दाखवायला मातीचा ढीग होता. भरपाई मिळाली नाही, आणि नियमानुसार ती मिळणारही नव्हती.

तेव्हा क्रम असा ठेवावा. जनावर जागेवरून हलवू नये आणि त्याच्या अवतीभवती माणसांची पावले उमटवू नयेत, कारण वाघाची पावले हाच पुरावा असतो. दुरून, दिवसाउजेडी, मानेवरच्या दातांच्या खुणा आणि आजूबाजूची जागा दिसेल असे फोटो घ्यावेत. घटनेनंतर ४८ तासांच्या आत वनरक्षकाला किंवा जवळच्या वन अधिकाऱ्याला कळवावे. फोन केला तरी लेखी अर्जही द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. पंचनाम्याला वनकर्मचारी आणि पशुवैद्यकीय अधिकारी असतात. जनावराच्या कानातला बिल्ला, मालकीचा दाखला, आधार आणि बँक पासबुकाची प्रत तयार ठेवावी. पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी जनावराचे वय, जात आणि दुभते असल्यास तसा उल्लेख नीट वाचावा, कारण किंमत त्यावरून ठरते. गाय, बैल आणि म्हैस यांच्यासाठी बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७०,००० रुपये आणि शेळी-मेंढीसाठी ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती मिळते.

पंचनामा झाला तरी मेलेले जनावर शक्य असेल तर तेथेच राहू द्यावे. वाघ रात्री परत येतो. शिकार हलवलेली असली की तो उपाशी राहतो आणि दुसरे जनावर मारतो. जागा वस्तीच्या अगदी जवळ असेल तर काय करायचे ते वनविभागाला ठरवू द्यावे. रागाच्या भरात मेलेल्या जनावरात विष घालणारा माणूस क्वचित भेटतो. त्याला समजवावे की वाघाबरोबर कोल्हे, गिधाडे आणि गावची कुत्रीही मरतात. वाघ वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत असल्याने तुरुंग निश्चित असतो. आणि परिसरात विषाने वन्यप्राणी मेला तर शेजाऱ्यांची भरपाईही अडकते.

माणसावर हल्ला झाला तर

जखमी माणसाला ताबडतोब दवाखान्यात न्यावे. जखम लहान दिसली तरी वाघाच्या दातांनी आणि नखांनी झालेली जखम आतून खोल असते आणि लवकर चिघळते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे. हळद, चुना किंवा माती भरू नये. वनविभाग आणि पोलीस दोघांनाही कळवावे. मृत्यू झाल्यास कुटुंबाला शासनाकडून २५ लाख रुपये मिळतात; त्यांतला काही भाग लगेच आणि उरलेला मुदत ठेवीत असतो. पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि वारसांची कागदपत्रे यांसाठी घरच्यांना त्या दिवसांत सुचत नाही, म्हणून शेजाऱ्यांपैकी एका शहाण्या माणसाने ती जबाबदारी उचलावी.

यानंतर जे होते त्याची तयारी नव्या माणसाने ठेवावी. दोन तासांत पाचशे माणसे जमतात, कोणी झाडावर चढून मोबाईलने चित्रण करतो, कोणी गोटे फेकतो, वनविभागाची गाडी अडवली जाते. लोकांचा राग खरा असतो आणि त्याला कारणेही असतात. परंतु वेढा पडलेला वाघ गर्दीतून वाट काढतो तेव्हा आणखी माणसे जखमी होतात आणि बेशुद्धीचे इंजेक्शन देणाऱ्या पथकाला काम करता येत नाही. वाघाला पकडण्याचा किंवा अगदीच इलाज नसल्यास मारण्याचा आदेश राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देतात, आणि त्याआधी कॅमेऱ्यांतील छायाचित्रांवरून हल्ला करणारा वाघ नेमका कोणता हे ठरवावे लागते. पट्टे प्रत्येकाचे वेगळे असतात. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याजवळची टी-१ वाघीण नोव्हेंबर २०१८ मध्ये मारली जाईपर्यंत या प्रक्रियेला किती काळ लागला आणि त्या काळात गावांनी काय सोसले, हे तिकडच्या माणसांना विचारावे. त्या काळात गावाला जगायचे असते, म्हणून पीआरटीच्या तरुणांबरोबर शाळेच्या वेळा बदलणे, शेतावर गटाने जाणे आणि पाण्याला एकत्र जाणे हे गावाने त्याच संध्याकाळी ठरवावे.

कुंपण, करंट आणि विहीर

रानडुकरांसाठी खांबावरून आकडा टाकून तारेत थेट वीज सोडण्याचा मोह नव्या कास्तकाराला होतो, कारण शेजारचा कोणीतरी ते करत असतो. त्या तारेने वाघ मेले आहेत, बैल मेले आहेत आणि पाणी पाहायला गेलेली माणसेही मेली आहेत; हा सरळ गुन्हा आहे. सौर कुंपण वेगळे : त्यात बॅटरीवर चालणारे यंत्र तारेत क्षणभराचा झटका थोड्या थोड्या वेळाने सोडते, त्यामुळे जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. २०१५ पासून सुरू असलेल्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून पात्र गावांना त्यासाठी अनुदान मिळते. चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात करावी. कुंपण बसवल्यावर तारेखालचे गवत दर पंधरा दिवसांनी कापावे, नाहीतर गवताला लागून झटका जमिनीत उतरतो आणि दिवाळीपर्यंत डुकरे तारेखालून निवांत येजा करू लागतात. कुंपण डुकरांसाठी आहे. वाघ अडेल या भरवशावर राहू नये.

उघड्या विहिरीत बिबट आणि कधी वाघही पडतो. विहिरीला कमरेएवढा कठडा बांधावा आणि वर जाळी टाकावी. जनावर पडलेच तर गर्दी हटवावी, मोटार बंद करावी, आणि वनविभागाचे लोक येईपर्यंत त्याला आधार म्हणून दोरांनी बांधलेली खाट किंवा लाकडी ओंडका हळूच आत सोडावा. पोहून थकलेले जनावर त्याच्यावर टेकते. त्यानंतर विहिरीत डोकावत उभे राहू नये.

पहिल्या पायरीत काढलेला नकाशा पोळ्यानंतर आणि पुन्हा होळीच्या आधी नव्याने काढावा. जूनमध्ये जो धुरा मोकळा होता तिथे ऑक्टोबरात छातीएवढी तूर उभी असते, आणि डिसेंबरात जिथे पाणी खळखळत होते तो नाला मार्चमध्ये वाघाची वाट झालेला असतो. गायक्याला बरोबर घ्यावे, म्हणजे नवीन काय बदलले ते तो चालता चालता काठीने दाखवत जातो.